चंद्राबाईची चूल

मयत झालं की आमच्या जासईत चूल पेटत नाही. कुणाचंही मयत असो, प्रेताला अग्नी देऊन माणसं तळ्यावर आंघोळ करून घरी आली, की मगच बाया चुलीला हात लावतात. तोवर पोरं रडली तरी रडू द्यायची. हे कुणाला शिकवावं लागत नाही, हाताला सवयच असते.

आणि नेमकं हेच पुरुषांच्या डोक्यात आलं नाही. येणार कुठून? जन्मात चूल फुंकलेली माणसं नाहीत ती.

चीनची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, भाताची झोडणी चालली होती. दुपारी उरणहून पोलीस सायकलवर आला आणि पोलीस पाटलाच्या, म्हणजे गोटीरामच्या घरी गेला. जानू गेला. माझ्या जावेचा, चंद्राबाईचा एकुलता एक. पलटणीत होता. माझ्या पडवीत खेळून मोठा झालेला पोरगा. मला गोटीरामच्या बायकोने, यशोदाने सांगितलं, तेव्हा मी सूप घेऊन भात पाखडत होते. ऐकलं, आणि तशीच पाखडत राहिले. किती वेळ, देव जाणे. यशोदाने सूप हातातून ओढून घेतलं, तेव्हा बघते तर सुपात दाणाच नाही, सगळा अंगणात सांडलेला.

चंद्राबाई तेव्हा लांब खारीत, खाडीकाठच्या शेतातल्या खळ्यावर होती. तिचा नवरा धर्मादादा बैलगाडी घेऊन पनवेलला गिरणीत गेलेला. देवळापाशी पुरुष जमले आणि ठरवलं, की धर्मा येईस्तोवर बाईला कुणी काही बोलायचं नाही. एकटीला सांगितलं तर ती जिवाचं काहीतरी करून घेईल. मी म्हटलं, अरे, आईपासून लपवता? तिला आधी कळायला हवं. गोटीराम मला म्हणाला, बायजा, तुझं तोंड आवर. माझं तोंड फटकळ म्हणून गावात नाव आहे, म्हणून खरं बोललं तरी माझ्याच गळ्यात. गप्प बसले. काय करणार?

दिवस मावळायला चंद्राबाई खळ्यावरून आली. माझ्या दारावरून जाताना नेहमीसारखी बोलली, की जानू सुट्टीवर आला की त्याला चिर्नेरची पोरगी दाखवायची, आणि तू आपलं तोंड बंद ठेव, नाहीतर पोरीकडचे पळून जातील. रोजची थट्टा. रोज मी दोन शब्द परत द्यायची. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. तिला वाटलं, माझं डोकं दुखतंय. म्हणाली, सुंठ उगाळून लाव.

मग तिने घरात जाऊन चूल पेटवली. नवरा दमून येईल म्हणून भात ठेवला. कौलांतून धूर निघाला. सगळ्या गावात तो एकच धूर. बाकी कुणाच्या हाताने काडी ओढवलीच नव्हती. माझ्याही नाही.

थोड्या वेळात ती धावत बाहेर आली. सरपण घ्यायला मागल्या दारी गेली होती, तिथून तिने गावची कौलं बघितली.

"बायजा, कोन गेलं गं? सगल्या चुली थंड हायेत. मला कुनी सांगितला पन नाय, आनि मी पापीन मयतावर चूल पेटवून बसले."

एवढं तिखट तोंड माझं, आणि ऐन वेळी मेलं मुकं झालं.

तिने स्वतःच ठरवून टाकलं, की शेवंताबाई गेली. म्हातारी वर्षभर अंथरुणाला खिळलेली, सगळं गाव तिच्या जाण्याची वाट बघत होतं. पदर खोचून चंद्राबाई तिच्या घराकडे पळाली. मी मागे. वाटेत ती मला बोलतच होती, की मला परकी केलीत का, म्हातारीचे पाय धरायचे होते मला.

शेवंताबाई ओट्यावर बसली होती. जिला उठवत नाही ती म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अंगणात धर्मादादाची वाट बघत जमलेल्या बाया होत्या, गोटीराम होता. चंद्राबाई जागच्या जागी थांबली. म्हातारीने हात लांब केले.

"मी हाय गं बाय. मेला देव मला नेत नाय."

चंद्राबाईने एकेकीकडे बघितलं. जिच्याकडे बघेल ती मान खाली घाली. मग ती माझ्याकडे वळली.

"जानू?"

"हो, वयनी," मी म्हटलं.

ती रडली नाही. वळली आणि घराकडे चालायला लागली, सरळ, भराभर, भात करपेल म्हणून जावं तशी. आम्ही सगळ्या मागून. घरात भात रटरटत होता. यशोदाने तांब्या उचलला, चूल विझवायला. मयताचं घर ते, चूल जळती कशी ठेवायची? चंद्राबाईने तिचं मनगट धरलं. मग दारात उभ्या असलेल्या गोटीरामला विचारलं, की पोराला घरी कधी आणणार.

गोटीरामने एवढं मात्र आम्हा बायांनाही सांगितलं नव्हतं. तो खांबाला धरून म्हणाला, की आणणार नाहीत. त्याची पलटण होती तो डोंगर चिन्यांनी घेतला. जानू तिथेच बर्फात राहिला.

मी खाली बसले. गेल्या खेपेला पोरगा सांगत होता, की काकी, तिथला बर्फ मिठागरातल्या राशीसारखा दिसतो, पण बोटं झडतात थंडीने. चंद्राबाईने तेव्हाच आपल्या लुगड्यांची गोधडी शिवून त्याच्याबरोबर दिली होती.

तिने भाताचा टोप चुलीवरून उतरवला आणि बाजूला ठेवला.

"ही इझवू नका. त्याला दुसरी आग कुठली?"

तेवढ्यात धर्मादादा आला. त्याला वेशीवरच सांगितलं होतं. दोघांनी धरून आणला. चंद्राबाईने त्याच्या हातात लाकूड दिलं आणि चूल दाखवली. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला आठवायचाही नाही. त्याने लाकूड चुलीत घातलं. मग गोटीराम वाकला, त्याने एक काटकी घातली. मग एकेक माणूस आत येऊ लागला, स्मशानात घालतात तशी काटकी घालायचा आणि बाहेर अंगणात जाऊन बसायचा. चूल आपोआप निवेपर्यंत सगळं गाव तिथे बसून होतं. मग पुरुष तळ्यावर गेले, आंघोळी करून आले, आणि गावात चुली पेटल्या.

मयताच्या घरी पहिला भात नेहमी चंद्राबाई न्यायची. त्या दिवशी मी रांधला आणि नेला. ती चुलीसमोरच होती, राखेवर हात धरून. मी घास पुढे केला, तर तिने माझा हात धरून तो राखेजवळ नेला. राख अजून ऊन होती.

"आता तरी त्याची थंडी गेली असंल ना गं?"

"गेली, वयनी," मी म्हटलं. मग तिने तोंड उघडलं आणि घास घेतला.