थुंकायची बादली

व्हिस्की चाखायला जमलेल्या माणसांच्या तोंडातून दोन गोष्टी बाहेर पडतात. आधी व्हिस्की आणि मग शब्द. धाकटीला हल्ली दोन्हींची सारखीच शिसारी यायला लागली होती.

दारूच्या दुकानाचा वरचा मजला तिच्या ताब्यात होता. रविवारी दुपारी तिथे लांब टेबलावर पांढरा कागद अंथरायचा, म्हणजे व्हिस्कीचा रंग नीट दिसतो. प्रत्येकापुढे निमुळत्या तोंडाचे तीन ग्लास, पावाचे तुकडे, थेंब थेंब पाणी घालायला ड्रॉपर आणि थुंकायला एक कागदी पेला. तीन तऱ्हेच्या सिंगल माल्ट घोटभर तोंडात घ्यायच्या, घोळवायच्या, पेल्यात थुंकायच्या आणि मग कोणती कशी होती यावर तासभर तोंडाची वाफ दवडायची. शिकलेसवरलेले लोक हे हौसेने करत आणि वर स्वतःला जाणकार म्हणवून घेत.

चव समजावून सांगायला टेबलाच्या टोकाशी दादा उभा असायचा. धाकटीचा सख्खा थोरला भाऊ. या शहरात त्याच्यासारखं नाक दुसऱ्या कोणाला नव्हतं आणि त्याच नाकापायी त्याचं वाटोळं झालं होतं. चाखता चाखता तो प्यायला लागला, पिता पिता नोकरी घालवून बसला आणि एके सकाळी पोटच्या मुलीला स्वयंपाकघराच्या फरशीवर, स्वतःच्या ओकारीत झोपलेला सापडला. वहिनीने त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तो धाकटीच्या सोफ्यावर झोपत होता आणि त्याला वर्ष होत आलं होतं.

त्याला पुन्हा टेबलाशी उभं करायचं डोकं धाकटीचंच. वहिनी नको म्हणत होती. म्हणाली, "त्याला विटा वाहायला लाव, पण हे नको." धाकटीने तिची समजूत घातली. दादाला दुसरं येतं काय? शिवाय धंद्यातली माणसं दिवसदिवस चाखतात आणि थुंकतात, त्यांना काही होत नाही. घोट घशाखाली गेला नाही म्हणजे झालं. शेवटी वहिनीने मान डोलावली, पण एका अटीवर.

"तोंडाचा वास घेऊन मला काही कळणार नाही," ती म्हणाली. "थुंकलं काय न् गिळलं काय, वास येणारच. तेव्हा तू सांगशील ते खरं. तुझ्या शब्दावर मी त्याला घरात घेईन."

त्या दिवसापासून धाकटीने डोळ्यात तेल घालून भावाच्या गळ्यावर नजर ठेवली. बाटल्या कपाटात, किल्ली तिच्या खिशात. दादा घोट घ्यायचा, गालातून फिरवायचा आणि बारीक सरळ धार सोडायचा, आवाज नाही की शिंतोडा नाही. त्याच्या गळ्याची घाटी कधी हलली नाही. एवढंच काय, कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांचे पेले बादलीत ओतून, बादली आतल्या खोलीत नेऊन तो ग्लाससुद्धा स्वतः विसळायचा. धाकटीने हे वहिनीला कौतुकाने सांगितलं होतं. "जन्मात कपबशी उचलली नाही, आता ग्लास घासतोय बघ!" वहिनी फोनवर हसली होती, बऱ्याच दिवसांनी.

आणि आज वहिनी त्याला न्यायला येणार होती.

"पहिली आणि दुसरी शेजारी धरा," दादा सांगत होता. दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा. "पहिली बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात वाढलीय, म्हणून व्हॅनिला, मध. दुसरी शेरी वाइनच्या पिंपातली. तिच्यात मनुका येईल, अक्रोड येईल. आता दोन्हींत एकेक थेंब पाणी घाला. पहिली पातळ होईल. दुसरी मात्र आणखी बोलायला लागेल."

सगळ्यांनी थेंब घातले आणि माना डोलावल्या. तिसरी धुराची होती. तिचं धान्य दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाऱ्या मातीच्या धगीवर वाळवतात, त्याचा तो धूर. दाताच्या डॉक्टरांनी ग्लासात अख्खं नाक बुडवलं आणि जाहीर केलं, "माझ्या दवाखान्याचा वास येतोय!" सगळे वा वा म्हणाले. वकीलबाईंना जळकं रबर सापडलं. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांना ओला कुत्रा आठवला आणि आठवून ते इतके खूश झाले की त्यांनी पुन्हा एक घोट मागितला. घरच्या आमटीला असा वास आला असता तर या माणसाने ताट भिरकावलं असतं.

मग थुंकणं सुरू झालं. डॉक्टर थुंकले की पेल्याच्या कडेला तार लोंबायची. साहेब आधी पाव खायचे आणि मग चूळ भरायचे, त्यामुळे त्यांच्या पेल्यात पावाचा लगदा तरंगत असे. वकीलबाईंच्या पेल्याच्या काठाला लिपस्टिक. दादा हसतमुखाने बादली घेऊन फिरला आणि एकेक पेला तिच्यात उलटा केला. धाकटीने खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढे दिवस झाले तरी तिला ते बघवत नसे.

मंडळी गेली. त्यांना खाली दारापर्यंत सोडून धाकटी हिशेबाच्या खिडकीशी जरा टेकली, तेवढ्यात डॉक्टर परत आले. चष्मा वर राहिला होता. ती आणायला गेली. चष्मा टेबलावर नव्हता, म्हणून तिने आतल्या खोलीत डोकावलं.

नळ नुसता सोडून ठेवला होता. दादा तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभा होता. त्याच्या एका हातात चहाची गाळणी होती, दुसऱ्या हाताने तो बादली तिरकी करून तिच्यातलं सावकाश गाळत होता. गाळणीत पावाचा लगदा साठला होता. खाली ठेवलेला ग्लास साधा नव्हता, चाखायचा होता, निमुळत्या तोंडाचा.

दादाने ग्लास उजेडात धरून रंग पाहिला. गोल फिरवला. तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला, अगदी टेबलाशी शिकवतो तसा. मग प्यायला. जी घाटी हलते का म्हणून ती रविवारमागून रविवार जीव मुठीत धरून बघत आली होती, ती खालीवर हलली.

तो वळला आणि त्याने तिला पाहिलं. दचकलासुद्धा नाही.

"धूर वरच राहतो बघ," तो म्हणाला. "काहीही मिसळलं तरी."

"दादा, हे लोकांचं थुंकलेलं आहे."

"दारू आहे ती. तिच्यात जंतू जगतात का?"

"त्यात त्या माणसाच्या दाढेतला पाव आहे!"

"म्हणून तर गाळली," तो जरा दुखावूनच म्हणाला. "बाटलीला हात लावला का मी तुझ्या? कधी तरी लावला?"

नव्हता लावला. किल्ली तिने जिवापाड जपली होती आणि बादली मात्र स्वतःच्या हाताने त्याला देत होती. प्रत्येक रविवारी. आणि वर कौतुक करत होती. किळस तिच्या घशाशी आली. ती भावाची होती तेवढीच स्वतःचीही होती.

जिन्यावर पावलं वाजली. दादाने झटक्यात नळाखाली ग्लास धरला, पावाचा एक तुकडा तोंडात कोंबला आणि शर्ट खोचला. "सगळं थुंकलं एवढंच सांग," तो हळूच म्हणाला. "खोटं थोडंच आहे ते? तुझ्यासमोर थुंकलो."

वहिनी आत आली. केस नीट विंचरलेले, नवी ओढणी. जिना चढून तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. "कपाटातला तुझा कप्पा रिकामा करून ठेवलाय," ती दादाला म्हणाली. "पोरीने गादीवरची चादरपण बदलली." मग ती धाकटीकडे वळली. खरं तर तिला आता विचारायचंही नव्हतं, अट ठरली होती म्हणून विचारलं. "थुंकला ना गं सगळं?"

दादा धाकटीकडे बघत होता. चादर बदलणाऱ्या त्या पोरीचं तोंड धाकटीच्या डोळ्यांपुढे आलं. हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द, आणि माणूस आपल्या घरी गेला असता. तिचा सोफा रिकामा झाला असता.

"थुंकला," ती म्हणाली. "आणि मग बादलीतलं गाळून प्यायला. आत्ताच, माझ्या डोळ्यांदेखत. वहिनी, माझंच चुकलं. मी बादलीकडे बघितलंच नाही."

वहिनीने ओट्यावरच्या गाळणीकडे पाहिलं. लगदा अजून तिच्यातच होता.

"लोकांचंसुद्धा?"

"लोकांचंच."

ओढणीचं टोक वहिनीने नाकाशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं, ओकारीच्या वासाने माणूस मागे सरतो तशी ती एक पाऊल मागे सरली. "बरं झालं सांगितलंस," ती धाकटीला म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिने दार आपटलंही नाही.

धाकटीने बादली उचलली. मोरीत तिने ती पालथी केली, नळ मोठा सोडला आणि तळ खसखसून धुतला. वासाने तिला उमासा आला, तरी ती धूतच राहिली. दादा मागे येऊन उभा राहिल्याचं तिला जाणवलं. आता तो शिव्या देईल, तिने संसार मोडला म्हणेल, नाही तर निदान वहिनीमागे धावत तरी जाईल, असं तिला वाटलं. यातलं काहीही तिने ऐकून घेतलं असतं.

"सगळी ओतलीस?" दादाने विचारलं.

तिने वळून पाहिलं. वहिनी जाताना कोरडे राहिलेले त्याचे डोळे आता भरून आले होते.

"थोडी तरी ठेवायचीस गं," तो म्हणाला.