छातीवर मी, कानाला फोन

मी स्टेथोस्कोप बोलतोय. हो, तोच, डॉक्टरच्या गळ्यात लोंबणारा. गरीब गाईसारखा दिसतो म्हणून फसू नका. माझ्या मनात डूख आहे, आणि तो कुणावर आहे हे सांगितल्याशिवाय मी काही राहणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा काळाकुळकुळीत, चकचकीत होतो. एका मोठ्या बहिणीने पहिल्या पगारातून मला धाकट्या भावासाठी घेतलं. भाऊ नुकताच डॉक्टर झालेला. त्याने मला आधी तिच्याच छातीला लावलं आणि म्हणाला, "ताई, तुझं काळीज केवढं बोलतं गं!"

तेव्हा तो डोळे मिटून ऐकायचा. छातीत धडधड होते म्हणून कुणी आलं की खोदून खोदून विचारायचा. चहा-कॉफी किती? झोप लागते? अंगात रक्त कमी आहे का? घरी कसली काळजी? कारण धडधड बऱ्याचदा साधीच असते, विसावा मिळाला की जाते. कधी कधी मात्र ती साधी नसते, आणि ते कळायला कान द्यावा लागतो.

मग दवाखाना चालायला लागला. बाहेर बाकावर जागा मिळेना आणि साहेबांच्या कानापासून फोन सुटेना. मग माझी कानात घालायची बोंडं कुठे जाणार? राहिली गळ्यातच. चकती तेवढी पेशंटच्या छातीवर टेकवायची, "श्वास घ्या, सोडा" म्हणायचं, आणि फोनवर नव्या घराच्या फरशीचा रंग ठरवायचा. पेशंट बिचारे डोळे मिटून श्वास घ्यायचे आणि आपल्याला नीट तपासलं या समाधानात घरी जायचे.

अशाच एके दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या ताई आल्या.

"डॉक्टर, छातीत मासा तडफडल्यासारखं होतं. मधेच थांबतं, मधेच पळत सुटतं. परवा तर इस्त्री करता करता डोळ्यांपुढे अंधारी आली."

चकती टेकली आणि मी हादरलो. एक ठोका लांब, दोन घाईचे, एक अर्धवट. कशाला कशाचा मेळ नाही. मी जीव तोडून ओरडलो, अरे, ऐक! पण माझ्या दुसऱ्या टोकाला कान नव्हता, शर्टाची कॉलर होती.

"टेन्शन आहे ताई, बाकी काही नाही," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "फार विचार करता तुम्ही. झोपताना ही अर्धी गोळी घ्या."

"बरं. माझ्या हातून कुणाचे कपडे जळू नयेत, एवढंच," ताई हसून म्हणाल्या आणि गेल्या.

थोड्याच दिवसांत बातमी आली. हृदय असं बेताल चाललं की आत रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती सुटली की थेट मेंदू गाठते. ताईंची उजवी बाजू गेली. उजवा हात, इस्त्रीचा. त्याच हातावर ते घर उभं होतं. साहेब "अरेरे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचा नाही.

पण माझ्या हातात होतं काय? वाट बघणं. करावं तसं भरावं म्हणतात ना, तसंच झालं. एका दुपारी भरल्या दवाखान्यात साहेबांनीच छाती धरली. कपाळावर घाम, ओठ कोरडे. सिस्टर धावत आल्या. भाबडी बाई, इथे जे ऐकत आली तेच करणार. तिने पाणी आणि अर्धी गोळी पुढे धरली.

"टेन्शन आहे सर. फार विचार करता तुम्ही."

आहाहा! कानच असते मला, तर तृप्त झाले असते.

"अहो, मला खरंच होतंय!" तो खेकसला.

"सगळे तसंच म्हणतात, सर."

मग त्याने मला कानात घातलं. किती वर्षांनी! बोंडांवर धूळ साचली होती, तीही गेली आत. चकती स्वतःच्या छातीवर ठेवली. मी एकही ठोका लपवला नाही. ताईंचाच तो बेताल ठेका मी जसाच्या तसा त्याच्या कानात ओतला, आणि तो पांढराफटक पडला.

वाचला मात्र. मोठ्या हॉस्पिटलात त्याचं नीट ऐकलं, हृदयाचा आलेख काढला, रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, तेही वेळेवर. ताईंना जे मिळालं नाही ते याला सगळं मिळालं, आणि हेच माझ्या घशाखाली उतरेना.

बरा होऊन आला तेव्हा त्याने आधी सिस्टरना पाठवून ताईंना बोलावून घेतलं. लेकीच्या आधाराने त्या आल्या. बसल्यावर लेकीनेच त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. साहेबांनी फोन बंद केला, मला कानात घातलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. तो बेताल त्यांनी ओळखला. न ओळखायला काय झालं, आता तो घरचाच होता. डोळे उघडले तेव्हा ओले होते.

ताईंची जीभ जड झालेली. एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "टेन्शनच... आहे ना... डॉक्टर?"

 मला साहेबांची दया आली का? मुळीच नाही.

आता तो सगळ्यांचं ऐकतो, फोन खणात ठेवून. माझी नळी चिरली आहे, उद्या-परवा मी भंगारात जाईन. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. छातीवर चकती टेकली की डोळे मिटू नका, डॉक्टरच्या कानांकडे बघा. बोंडं गळ्यात दिसली तर भीड धरू नका, सरळ म्हणा, "आधी कानात घाला." ऐकलं नाही तर उठा आणि दुसरा दवाखाना गाठा. आणि दारातून वळून त्याला माझा निरोप द्या, की मासा त्याच्याही छातीत आहे.