पाण्यातून गाळलेला धूर

"डॉक्टर, हुक्का धूम्रपानात धरतात का?"

विचारून टाकलं एकदाचं! आणि मग रहाफची नजर टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पावलावर खिळली. त्याच्या अंगठ्याला कुणीतरी निळ्या शाईने नख काढलं होतं... वेडंवाकडं, पण मन लावून. शेजारी स्टुलावर यम्माचा, तिच्या आईचा, पाय. यम्मा आपल्याकडे बघते आहे हे न बघताच कळत होतं.

प्रश्न खरा शेजारी राहणाऱ्या, वर्गातल्या लुजैनचा. काल मधल्या सुट्टीत रहाफ मैत्रिणींना सांगत होती — यम्माचा अंगठा आत कललेला, बुडाशी हाड बाहेर आलेलं, ते कापून सरळ केलं त्याला तीन महिने झाले, तरी हाड जुळत नाही. डॉक्टरांनी साखर तपासली, थायरॉईड तपासलं, दुखण्याच्या गोळ्या किती घेता विचारलं, लवकर पाय टेकवलात का विचारलं, सिगारेटचंही विचारलं, तर यम्मा म्हणाली, छे, आमच्या घरात कुणी शिवत नाही. त्यावर लुजैन खो खो हसली. "मग रोज संध्याकाळी तू गॅलरीत निखारे कशाला फुंकतेस? कणसं भाजायला? हिंमत असेल तर आईसमोर विचार डॉक्टरांना!"

"धरतात तर," डॉक्टर म्हणाले आणि यम्माकडे वळले. "उम्म रहाफ, तुम्ही ओढता?"

"अहो, पण तो पाण्यातून गाळून येतो!" यम्मा मनापासून चकित झाली होती. "आणि त्यात सफरचंद असतं."

"सफरचंद खा. ओढू नका. निकोटिन पाण्यात अडकत नाही, थेट रक्तात जातं. नसा आवळल्या की हाडाला रक्त पोचणार कुठून?"

मग त्यांनी एक्स-रे उजेडाला लावला. हाडात काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी. सहा आठवड्यांत बुजली नाही तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवायचं, म्हणजे पुन्हा ऑपरेशन... आणि यम्माचं पार्लर, जिथे ती दिवसभर उभी राहून नवऱ्या सजवते, ते आणखी वर्षभर बंद.

परतताना इर्बिद शहराच्या चढावर टॅक्सी धापा टाकत होती आणि रहाफला तो दिवस आठवत होता, यम्मा इस्पितळातून आली तो... रहाफने तिच्या पायाखाली दोन उशा दिल्या, हुक्का जवळ ओढला, तीन निखारे बरोब्बर त्रिकोणात मांडले. "तुझ्यासारखे निखारे तुझ्या मावशीलाही जमत नाहीत गं!" यम्मा म्हणाली होती. केवढी फुलले होते मी! मग रोज लावले. आईला बरं वाटावं म्हणून. म्हणजे ती काळी रेघ... मी? माझ्या याच हातांनी?

पण डॉक्टर आणखी काहीतरी म्हणाले होते — ते आत्ता, उशिरा, कानात शिरलं. रेघेच्या खालच्या टोकाला बोट ठेवून म्हणाले होते, इथे बघ, करडं दिसतंय ना? हाड कामाला लागलंय, त्याला आड येऊ नका. करडं! नखाएवढं, पण होतं. म्हणजे एवढा धूर सोसूनही ते आतल्या आत जुळायला बघतच होतं. रहाफला त्या हाडाचा एकदम अभिमान वाटला — आणि हातांची भीती थोडी ओसरली. जे हात रोज काही करतात ते रोज न करूही शकतात की.

संध्याकाळी गॅलरीतून बाबांची हाक आलीच. "रहाफ! निखारे कुठायत बाई? आणि चिमटा कुठे गेला?"

"राहू दे, मी तिच्यासमोर नाही ओढणार," यम्मा पुटपुटली, पण तिचा हात सवयीने हुक्क्याच्या नळीवर होता.

"मी तरी ओढतो! माझी हाडं धड आहेत!" बाबा म्हणाले.

रहाफ दारात उभी राहिली. हसू येत होतं, ते तिने दाबलं.

"ऐका दोघंही. सहा आठवडे या घरात निखारा पेटणार नाही. बाबा, तुमच्यासाठीही नाही, कारण तुम्ही ओढलात की यम्मा एक झुरका मागणार. यम्मा, तू सकाळी इथे बसायचंस, उन्हात, हाडासाठी. आणि चिमटा शोधू नका — तो माझ्या दप्तरात आहे, रोज माझ्याबरोबर शाळेत जाणार आहे."