बिबट्याची सोबत

"सांगितलं तर कुणाला पटणार न्हाई," संगप्पांनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं, "पण आज बिबट्या माझ्यासंगं तीन कोस चालला."

सून मंजुश्री साखर तपासायचं यंत्र घेऊन बसली होती. महिनाभर रोज उपाशीपोटी चालायचं, साखर आटोक्यात आणायची, तरच ताडोबाच्या गाडीत जागा, ही अट तिचीच. आज शेवटचा दिवस होता आणि वाघ बघायची संगप्पांची हौस पन्नास वर्षांची.

"किल्ल्यामागनं निघालो. मी थांबलो की ते थांबायचं. शेवटी त्यालाच धाप लागली, बसलं बाभळीखाली. म्हटलं, लेका, तुला बी शुगर हाय का?"

"मामा, बोट द्या."

"देतो की. पण सुई कशाला वाया घालवायलीस? गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर मी पाण्याचा घोट घेत न्हाई, सारं उदगीर जाणतं. पहाटे आंघोळ करून तसाच निघालो, पूजा अजून व्हायचीय. मग पोटात काय असणार?"

हा पुरावा संगप्पांना स्वतःलाच लई आवडला. आता गाडीतली खिडकीची जागा मागावी, असंही त्यांच्या मनात आलं.

भाकरी थापायची सोडून पार्वतम्मा उठल्या आणि नवऱ्याचं कपाळ जवळून निरखू लागल्या.

"अवो, पूजा व्हायचीय, तर कपाळावर ताज्या भस्माचे हे तीन पट्टे कुणी ओढले? बिबट्यानं? खोटं बोलायलात तुम्ही. त्या हॉटेलवाल्या मृत्युंजयकडं पूजा उरकून जिलबी हाणलीय."