उलटं पान

आपल्या आईचा, कार्त्यायनीअम्मांचा, आवाज कसा होता, हे ओमनाला आठवेनासं झालं होतं. भिंतीवर आईचा फोटो होता, पण फोटो काही बोलत नाही. म्हणून वाचनालयाने तो जुना सिनेमा दाखवायचं ठरवलं, तेव्हा ती थोरल्या भावाला, वासुएट्टनला, ओढत घेऊन गेली आणि पहिल्या रांगेत बसली.

सिनेमाचं शूटिंग त्यांच्याच घरात झालं होतं. नदीकाठची घरं सिनेमावाल्यांना फार आवडत. अंगण, तळं, दगडी पायऱ्या, सगळं आयतं. लग्नाच्या पंगतीत वाढायला गावातल्याच बायका उभ्या केल्या होत्या, त्यांत अम्माही, कारण भात वाढायची नक्कल करता येत नाही. नायक जेवायला बसला आणि अम्मांनी बघितलं, तर केळीच्या पानाचा शेंडा उजवीकडे. तसं पान मांडायचं ते मयताच्या जेवणाला. आणि इथे तर लग्नघर! कॅमेऱ्याचं भान अम्मांना कुठलं राहायला? त्यांनी भाताचं भांडं खाली ठेवलं, पान फिरवलं, नायकाला सुनावलं आणि पुन्हा वाढायला लागल्या. काय सुनावलं ते अख्ख्या गावाला पाठ होतं.

दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. पण घरातली बाई पडद्यावर बघायला कुणी जायचं नाही, असं वडिलांनी बजावलं, आणि अम्मांसकट कुणी गेलं नाही. पुढे सिनेमा टीव्हीवर लागायचा, तेव्हा नेमकी पंगतच कापलेली असायची.

आज पंगत आली. अम्मा आल्या, ओले केस, त्यात तुळशीची डहाळी. वाकून पान फिरवलं, तोंड उघडलं, आणि मद्रासच्या कुण्या बाईचा मधाळ आवाज आला, "बाळा, पान असं ठेवावं."

आवाज मागाहून भरतात, हे ओमनाला माहीत नव्हतं का? पण आईच्या बाबतीत ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ही कोण?" वासुएट्टन पुटपुटला. "अम्मा जन्मात कुणाला बाळा म्हणाली नाही. मला तर नाहीच."

ओमना उठून मशीनपाशी बसलेल्या वरीदकडे गेली. तेवढंच परत लाव म्हणाली, आवाज बंद करून.

"चेची, लोक ओरडतील," थोरल्या बहिणीला विनवावं तसं तो म्हणाला.

"ओरडू देत. आई माझी आहे."

पंगत पुन्हा बसली, मुकी. ओमना पडद्याजवळ उभी राहून फक्त आईच्या तोंडाकडे बघत होती. अम्मांची हनुवटी वर झाली, नाकपुड्या फुलल्या, चिखलाचे पाय घेऊन घरात शिरलं की फुलायच्या तशा. ओठ हलले.

"आईने काही शिकवलं नाही का रे? की तीही सिनेमातच असते?"

आपण मोठ्याने बोललो, हे ओमनाला सगळे हसल्यावर कळलं.

वासुएट्टन हसला नाही. तो खुर्चीतून अर्धवट उठून तिच्याकडे बघत होता, लहानपणी स्वयंपाकघरातून अम्मांची हाक आली की उठायचा तसा.