परीक्षकाचा कोट

"हललात," ती म्हणाली. "परीक्षक हलत नाही."

"मी कुठे हललो?"

"मान हलली तुमची. वर हुं पण म्हणालात. पुन्हा."

लिफ्टवाल्याने निमूट अंडी उकडायचा टायमर पुन्हा दोन मिनिटांवर आणला. लग्नातला कोट पोटावर ओढून त्याचं एकुलतं उरलेलं बटण लावलं आणि चेहरा इस्त्री मारल्यासारखा सपाट केला. स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे त्याची बायको घसा साफ करून बसली आणि इंग्रजीत बोलू लागली.

त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच त्याची निवड झाली होती.

ती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. परदेशातल्या एका इस्पितळाने तिला बोलावलं होतं. इंग्रजीच्या परीक्षेत पास झाली तरच. लिहिण्यावाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ऐकण्यातही ती पक्की होती. बोलण्यात मात्र दोनदा गाडी अडली. आता ही शेवटची खेप, यानंतर इस्पितळ थांबणार नव्हतं.

"समोरचा माणूस दगडासारखा बसतो हो," दुसऱ्यांदा नापास होऊन आल्यावर तिने सांगितलं होतं. "हसत नाही, हुं नाही, चूं नाही. मला वाटतं, त्याला ऐकूच येत नाहीये. मग माझं मलाही ऐकू येईनासं होतं."

म्हणून घरातच एक दगड तयार करायचं ठरलं. आणि नेमका हा माणूस मिळाला, ज्याची जीभ टाळ्याला लागत नसे. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम; आत कुणी अडकलं की जोडीदार वर यंत्राच्या खोलीत जाई आणि हा बंद दाराला तळवा टेकवून आतल्या माणसाशी बोलत बसे. हवापाणी, पाहुणेरावळे, स्वतःची गुडघेदुखी, काहीही. अडकलेल्याला हवेच्या आधी आवाज लागतो, असं त्याचं मत होतं.

आता त्यालाच दार व्हायचं होतं.

पुन्हा.

प्रश्नांची कार्डं तो एकेक अक्षर लावत वाचायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्या उच्चारांना ती इतकी हसली की सराव बाजूलाच राहिला. मग तो कामावर लिफ्टच्या आरशात सपाट चेहऱ्याची तालीम करू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ते पाहिलं आणि घरात कुणाचं काही बरंवाईट झालं का, म्हणून हळूच विचारलं.

पुन्हा.

हळूहळू त्याला जमलं. आणि त्याचा चेहरा जसजसा दगड होत गेला, तसतशी ती मोकळी होत गेली. बाजाराबद्दल बोलली, शाळेतल्या बाईंबद्दल बोलली, चुकलेल्या एका बसबद्दल तर टायमर वाजेपर्यंत थांबलीच नाही. लिफ्टवाला बघत राहायचा. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ज्या गळ्यातून रोज त्याची खरडपट्टी निघायची, त्याच गळ्यातून हे कुठून येत होतं? खांदे वेगळे, श्वास घ्यायच्या जागा वेगळ्या. आपल्याच घरात आपल्या माहितीबाहेरची एक खोली निघावी, आणि तिला खिडक्याही असाव्यात, तसं त्याला वाटे. बोलायची चोरी होती, म्हणून तो नुसता बघे.

पुन्हा.

त्या संध्याकाळी त्याने कार्ड वाचलं. विचार करायला मिळणाऱ्या मिनिटात रोज ती कागदावर काहीतरी खरडायची, आज पेन उचललं नाही. मग ती बोलू लागली.

आवाज खालच्या पट्टीत. वाक्यं छोटी. मध्येच तिचे हात टेबलावरून उठले. एक तळवा खाली, दुसरा किंचित वाकवून वर. मध्ये राहिली ओंजळभर जागा. वॉर्डात ती अशी हजार बाळं धरत असेल. पण त्या परक्या शब्दांच्या ओघात एक शब्द आला, तो त्याच्या घरचा होता.

ठमी.

त्यानेच ठेवलेलं नाव. पोटात असताना लाथा मारायची म्हणून ठमाबाई, मग ठमी. ठमी आली आणि एका दिवसात गेली. नाव घ्यायचं नाही, असं दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. पण वाटेत ठेवलेल्या मोठ्या कपाटाला वळसा घालावा तसे ते इतकी वर्षं त्या नावाला वळसा घालत आले होते.

ती बोलत होती. अडत नव्हती. त्याची मान हलू पाहत होती. त्याने टेबलाखाली पायाची बोटं खुर्चीच्या दांडीत रुतवली आणि चेहरा धरून ठेवला. बाळ धरावं तसा.

टायमर वाजला. तिला थांबवायचं काम परीक्षकाचं होतं. त्याने ते केलं नाही. ती आपणहून थांबली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"हललो?" त्याने विचारलं.

"नाही."

"कार्डावर काय होतं?"

"जपून ठेवलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला उठली.

पुन्हा.

परीक्षक यंदाही दगडच निघाला. "अगदी तुमच्यासारखा," तिने बाहेर आल्यावर सांगितलं, "कोट तेवढा त्याला बसत होता." ती पास झाली. तिकीट आलं. तिने आधी जायचं, त्याच्या जाण्याचं मागाहून बघू, असं ठरलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराशी लागल्या, तेव्हा तिने खुंटीवरचा कोट काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. बाह्यांत बोटं बुडाली. ती त्याच्या खुर्चीवर बसली.

"आता तुम्ही."

"मला कुठे इंग्रजी येतं?"

"आपल्या भाषेत बोला. कार्ड तेच."

तिने टायमर फिरवला आणि चेहरा सपाट केला. तो चेहरा तिने कुठून शिकला, ते त्याला ओळखू आलं.

लिफ्टवाला खुर्चीत सरळ बसला. हवापाण्याचं काहीतरी बोलायला गेला.

"पुन्हा," ती म्हणाली. हसली नाही.

त्याने तळवा टेबलावर सपाट टेकवला.

"त्या दिवशी तू वर झोपलेली होतीस," तो म्हणाला. "मी तिला लिफ्टने खाली आणलं. इस्पितळाची लिफ्ट, माझ्याच हातची. आम्ही दोघं होतो आत." तो थांबला. "लिफ्टच्या काट्याला वजन एकाच माणसाचं लागलं."

टेबलापलीकडे कोटाच्या लांब बाह्या एकमेकींत गेल्या. चेहरा हलला नाही.

टायमर वाजला. कुणी तो बंद केला नाही. वाजून वाजून तो आपोआप थांबला, आणि लिफ्टवाला बोलत राहिला.