संडासातल्या दिनदर्शिकेवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी दिनदर्शिका आहे, वाढदिवसांची. माझ्यावर वार नाहीत, सालही नाही. नुसत्या तारखा आणि त्यांपुढे नावं. त्यामुळे मी कधी रद्द होत नाही. आमच्या डच घरांत माझ्यासारख्यांची जागा संडासात, बसल्यावर समोर दिसेल अशी. तिथे लोक एकटे असतात आणि निवांत वाचतात.

आसन शहरातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. प्रत्येक महिन्याला एक पाणपक्षी. एवर्टच्या आईने मला त्याच्या लग्नात दिलं. तेव्हा माझ्यावर एकेचाळीस नावं होती. पाहुणे बाहेर येऊन म्हणायचे, "बगळा छान आहे हं!"

मग एवर्टने एका लहान मुलीवर अत्याचार केला. त्याला शिक्षा झाली. मी सहा वर्षं त्याच्या बहिणीच्या माळ्यावर खोक्यात पडून होते. तो सुटून आला, तेव्हा त्याने स्वतःच एकेका नावावर रेघ मारली. माणसं जिवंत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. दोन नावं उरली.

त्यानंतर दर गुरुवारी दोघं जण यायला लागले. तिनेके ही निवृत्त परिचारिका, हार्म बसचालक. त्यांना कोणी पगार देत नव्हतं. एवर्टला एकटं पडू द्यायचं नाही आणि त्याच्यावरची नजरही हटवायची नाही, एवढंच त्यांचं काम. अट एकच: लपवाछपवी नाही.

हार्मने जाड पेनाने माझ्यावर आपलं नाव लिहिलं. "आता माझा वाढदिवस विसरून दाखव! आणि केक आण, हे असलं एकच बिस्किट नको." त्या दिवशी मी पुन्हा उपयोगाची झाले.

अशी तीन वर्षं गेली. तेच प्रश्न, तीच कॉफी. सगळेच थकले होते, मीसुद्धा. दमलेली माणसं वाचत नाहीत. मार्चचं पान उघडलं, तेव्हा चौदा तारखेपुढे पेन्सिलीने एक नवं नाव होतं. हार्म दोनदा येऊन गेला. त्याला दिसलं नाही.

तिनेकेला दिसलं. ती हात न धुताच बाहेर गेली.

"एवर्ट, फेन्ना कोण रे?"

"शेजारच्या मिर्यामची मुलगी."

"किती वर्षांची?"

"आठ होईल." मग घाईघाईने, "मी फक्त सायकल दुरुस्त करून दिली. मिर्याम एकटीच असते, म्हणून..."

"तुझा कागद काढ," हार्म म्हणाला.

उपचार केंद्रात एवर्टने पुन्हा गुन्ह्याकडे नेणाऱ्या स्वतःच्या घसरणीच्या पायऱ्या लिहून काढल्या होत्या. तो कागद टेबलाच्या खणात असायचा.

"मोठ्याने वाच."

"पहिली पायरी," एवर्टने वाचलं. "एकट्या आईच्या अडचणीला धावून जाणं." त्याने बोट खालच्या ओळीवर नेलं. "दुसरी, मुलीचा वाढदिवस लक्षात ठेवणं."



"देखरेख अधिकाऱ्याला सांगितलंस?" हार्मने विचारलं.

"नाही. सांगितलं तर परत आत जाईन."

"जाशील कदाचित," तिनेके म्हणाली. "पण त्या पोरीचं काय? फोन तू लावतोस का मी लावू?"

"गेल्या वेळी कोणीच विचारलं नव्हतं," एवर्ट म्हणाला.

"आता विचारतोय ना! लाव, गड्या."

त्याने लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग खोडरबर घेऊन तो माझ्याकडे आला. तिनेके दारात उभी होती.

"पुसू नकोस. रेघ मार, खालचं वाचता येईल अशी."

मिर्यामला अधिकाऱ्यांनी सगळं सांगितलं. फेन्नाला काही झालेलं नव्हतं. एवर्ट तुरुंगात गेला नाही, पण त्याला घर सोडावं लागलं, आणि उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. नव्या घरी पडदे लागायच्या आधी हार्मने संडासात खिळा ठोकला.

मित्रांनो, माझी कड फाटली आहे, बगळ्यावर ओल आली आहे. धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण आलात की दार लावून घ्या आणि मला वाचा, प्रत्येक वेळी, कंटाळा आला असला तरी. नवं नाव दिसलं, तर बाहेर जाऊन विचारा.


हात नंतर धुवा.